मॅन्क्स नॉर्टन विक्रीला आली तर आधी नंबर पाहायचे की क्रँककेस?

बेव्हलवाला

इंग्लंडमधल्या एका संग्राहकाची मॅन्क्स नॉर्टन, म्हणजे नॉर्टन कंपनीची जुनी शर्यतीची मोटरसायकल, विक्रीला आहे. ५०० सीसीची, म्हणजे मॉडेल ३०एम, आखूड स्ट्रोकचं इंजिन (८६ × ८५.६ मिमी) आणि फेदरबेड फ्रेम. इंजिनाचा नंबर एक, फ्रेमचा दुसरा, हे पत्रकात स्वच्छ लिहिलंय. तिकडे राहणाऱ्या आपल्या काही सभासदांना ती बघायला जायचं आहे, आणि ‘नंबर जुळत नाहीत तर सोडून द्या’ असा सल्ला त्यांना जो तो देतोय.

मला हा सल्ला पटत नाही. मॅन्क्स ही पहिल्या दिवसापासून शर्यतीसाठी बनवलेली गाडी. तिच्यात बघायची पहिली गोष्ट म्हणजे मॅग्नेशियमचं क्रँककेस, इंजिनाचा खालचा खोका, ज्यात क्रँक फिरतो. ते निरोगी असेल तर बाकीचं सगळं उभं करता येतं. ते फुटकं असेल तर जुळणाऱ्या नंबरांचं करायचं काय? जाणकारांनी मतं मांडावीत. बघायला जाणाऱ्याला हातात धरता येईल अशी माहिती एकत्र व्हावी, एवढी इच्छा आहे.

टपरीवरचा_चहा

रुमाल टाकून ठेवतो. फोटो असतील तर चढवा राव!

सोळाइंची

बेव्हलवाला, अर्धाच सहमत. क्रँककेसचं महत्त्व मान्य, पण नंबर दुय्यम म्हणणं संग्राहकाच्या दृष्टीने धोक्याचं आहे. कारखान्यातून मॅन्क्स बाहेर पडायची तेव्हा इंजिन आणि फ्रेमवर एकच क्रमांक असायचा. ५०० च्या क्रमांकात ११एम, ३५० च्या क्रमांकात १०एम. गाडी कोणत्या विक्रेत्याकडे आणि कधी रवाना झाली याच्या कारखान्याच्या नोंदी टिकून आहेत. नॉर्टन ओनर्स क्लब किंवा व्हिंटेज मोटर सायकल क्लबकडे लेखी विचारणा केली तर उत्तर मिळतं. पैसे मोजण्याआधी दोन्ही क्रमांकांची चौकशी करायची, फक्त इंजिनाच्या नाही. फ्रेमचा क्रमांक नोंदीत ३५० चा निघाला आणि आज तिच्यात ५०० चं इंजिन बसलंय, असं होऊ शकतं. लबाडी असेलच असं नाही, पण किंमत बदलते.

खरी, इतिहास सापडणारी मॅन्क्स लिलावात वीस ते चाळीस हजार पौंडांच्या पट्ट्यात फिरते. या पट्ट्यात वरचं टोक की खालचं, हे कागदच ठरवतात.

लेथमास्तर_कोल्हापूर

नंबर का जुळत नाहीत याचं एक खास कारण आहे, ते ठाऊक नसेल तर माणूस उगाच बिथरतो.

१९५० च्या दशकात ५०० सीसीच्या छोट्या रेसिंग कार होत्या, फॉर्म्युला थ्री. कूपर त्यातली गाजलेली. मॅन्क्सचं इंजिन त्या कारवाल्यांना हवं असायचं, पण नॉर्टन नुसतं इंजिन विकायला तयार नव्हती. मग ते अख्खी मोटरसायकल घ्यायचे, इंजिन काढून कारमध्ये बसवायचे आणि बाकीचा सांगाडा विकून टाकायचे. त्या काळातली सर्वांत चांगली फ्रेम अशी इंजिनाविना बाजारात पडली. लोकांनी तिच्यात ट्रायम्फचं जुळं इंजिन घातलं. ट्रायटन म्हणतात ती हीच.

पुढे कार मोडीत निघाल्या तशी त्यांतली इंजिनं परत मोटरसायकलवाल्यांकडे आली आणि कोणत्या तरी दुसऱ्या फ्रेममध्ये बसली. शिवाय शर्यतीत इंजिन फुटलं की सुटं इंजिन टाकून पुढच्या रविवारी पुन्हा मैदानात. त्यामुळे वेगळे नंबर हा या गाडीच्या इतिहासाचाच भाग आहे. उलट साठ वर्षं शर्यत मारलेल्या गाडीवर दोन्ही नंबर अगदी जुळत असतील आणि ठोकलेले आकडे टवटवीत दिसत असतील, तर भिंग काढून जास्त वेळ बघा.

सोळाइंची

लेथमास्तर, हे पटलं. फक्त एक जोडतो: वेगळे नंबर सांगून विकले तर इतिहास, नवे ठोकून विकले तर खोटेपणा. आकड्यांच्या आसपासचा भाग कानशीने घासलेला, आजूबाजूच्या ओतकामापेक्षा खोलगट किंवा गुळगुळीत दिसला तर तिथेच थांबायचं. क्रँककेसच्या दोन अर्ध्यांवर आतल्या बाजूला जोडीच्या खुणा असतात, त्याही जुळतात का बघा.

वाऱ्यावरची_वरात_नाही

हे सगळं छान, पण माझ्यासारख्याला मुळात मॅन्क्स एवढी मोठी का, हे कळेल का? अवांतर वाटलं तर सोडून द्या.

बेव्हलवाला

अवांतर कसलं, विषयच तो आहे.

मॅन्क्स म्हणजे आइल ऑफ मॅनची. बर्मिंगहॅमच्या ब्रेसब्रिज स्ट्रीटवरच्या नॉर्टनच्या कारखान्यात युद्धानंतर ही गाडी खाजगी स्पर्धकांना विकायला बनू लागली. एकच सिलिंडर. क्रँकवरून एक उभा दांडा वर जातो, खाली-वर बेव्हल गिअर, आणि डोक्यावर दोन कॅमशाफ्ट. १९५० मध्ये बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेसने आखलेली फ्रेम कारखान्याच्या गाड्यांना मिळाली आणि त्याच वर्षी जेफ ड्यूकने सीनियर टीटी, म्हणजे आइल ऑफ मॅनची ५०० सीसीची शर्यत, जिंकली. गादीवर बसल्यासारखं वाटतं म्हणून फेदरबेड. १९५१ मध्ये ही फ्रेम ग्राहकांच्या गाड्यांवर आली, आणि ड्यूकने ३५० आणि ५०० ही दोन्ही जगज्जेतेपदं त्याच वर्षी घेतली. आखूड स्ट्रोकचं इंजिन ग्राहकांना १९५४ पासून मिळू लागलं. त्याआधीच्या ५०० चा स्ट्रोक १०० मिमी होता.

इटलीच्या चार सिलिंडरच्या गाड्या ताकदीत पुढे गेल्या तरी ही हटली नाही. १९६० मध्ये डेरेक मिंटरने हिच्यावर टीटीची एक फेरी ताशी १०० मैलांच्या वर काढली, एकच सिलिंडर असलेल्या गाडीवर पहिल्यांदा. १९६१ ची सीनियर टीटी माइक हेलवूडने हिच्यावरच जिंकली. उत्पादन १९६२ च्या सुमारास थांबलं, आणि तरीही १९६९ मध्ये युगोस्लाव्हियातल्या ओपातियाला गॉडफ्रे नॅशने मॅन्क्सवर ५०० ची ग्रांप्री जिंकली. साधारण ५० अश्वशक्ती आणि १४० किलो वजन. एवढ्याशा भांडवलावर वीस वर्षं!

दोन_स्ट्रोक_एक_जीव

ओपातियाला त्या वर्षीचा ५०० चा जगज्जेता अ‍ॅगोस्टिनी नव्हता, तेवढं लिहायचं राहिलं. 🙂

बेव्हलवाला

खरं आहे, त्याचं जेतेपद आधीच पक्कं झालं होतं. पण शर्यत शेवटपर्यंत टिकून पहिला येतो तोच जिंकतो, आणि टिकणं हाच या इंजिनाचा गुण.

लेथमास्तर_कोल्हापूर

आता क्रँककेसवर येऊ. हे मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं, इलेक्ट्रॉन नावाचं. हलकं, पण वयानुसार ठिसूळ होणारं आणि गंजणारं. तडे कुठे येतात? मुख्य बेअरिंगच्या घराभोवती, विशेषतः प्रायमरी चेनच्या बाजूला. सिलिंडर धरणाऱ्या स्टडच्या मुळाशी. आणि फ्रेमला इंजिन जिथे बोल्टने आवळतात त्या कानांवर.

तपासणी डाय पेनिट्रंटने करायची. मॅग्नेशियमला चुंबक लागत नाही, तेव्हा चुंबकीय तपासणी क्रँकपिन, दांडे आणि कनेक्टिंग रॉडपुरतीच.

केस उघडलं की आधी ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास तापवा. वर्षानुवर्षं मुरलेलं एरंडेल घामासारखं बाहेर येतं. ते पुसून, सॉल्व्हंटने धुऊन, पूर्ण कोरडं करा. मग लाल डाय लावून १५–२० मिनिटं थांबा. डाय पुसताना सॉल्व्हंट थेट फवारू नका, फडक्यावर घेऊन पुसा, नाहीतर तड्यातला रंगही धुऊन निघतो. त्यावर पांढरा डेव्हलपर. दहा मिनिटांत लाल रेघ दिसली तर तडा, लाल ठिपक्यांची रांगोळी दिसली तर ओतकामातली भोकं.

आणि तपासणीआधी ग्लास बीडने ब्लास्टिंग अजिबात नको. मण्यांच्या माऱ्याने वरचा थर ठेचला जातो, तड्याचं तोंड मिटतं आणि डाय आत शिरत नाही. विकायला काढलेली गाडी ‘नुकतीच ब्लास्ट केलेली, नव्यासारखी’ असेल तर मला आनंद होणार नाही.

सुलूमावशी

मास्तर, मॅग्नेशियम पेट घेतं ना? मग ओव्हनमध्ये घालायचं?

लेथमास्तर_कोल्हापूर

मावशी, १२० अंशांना अख्ख्या तुकड्याला काही होत नाही. धोका आहे तो उघड्या ज्योतीचा आणि चुऱ्याचा. बेअरिंग काढायला गॅसची टॉर्च फिरवणारे लोक आहेत, तसं करू नये. लेथवर किंवा मिलिंगवर हत्यार धारदार ठेवायचं, बोथट हत्यार घासून चुरा तापवतं. चुरा लगेच गोळा करायचा, लोखंडाच्या चुऱ्यात मिसळायचा नाही. आग लागलीच तर पाणी कधीही नाही, भडका उडतो. कोरडी वाळू बादलीत भरून शेजारी ठेवायची.

मुंबईची_खारी_हवा

मॅग्नेशियमबद्दल आणखी एक, कारण कोणी गाडी इकडे आणायचा विचार करत असेल तर हे आधी वाचावं. मुंबई, कोकण, गोवा, सगळीकडे दमट खारी हवा. मॅग्नेशियमला स्टीलचा बोल्ट लागला आणि मध्ये ओल राहिली की मॅग्नेशियम खाल्लं जातं. बोल्टभोवती पांढरी भुकटी दिसली की समजायचं.

जोडताना प्रत्येक स्टडला आणि बोल्टला क्रोमेटयुक्त जोड-लेप लावायचा, कोरडा बोल्ट घालायचा नाही. गंज काढायची फॉस्फोरिक अ‍ॅसिडची बाटली या केसच्या जवळपासही नको, अ‍ॅसिड धातूच खातं. अल्कलीने धुतलेलं चालतं. उघडा धातू दिसला की आधी क्रोमेटचा थर, मगच रंग. पुढचा शंकूच्या आकाराचा ब्रेकचा हबही मॅग्नेशियमचा असतो. त्याच्या स्पोकच्या भोकांत नेमकी ही भुकटी साठते, आणि तो फुटला तर इंजिन फुटण्यापेक्षा वाईट.

उगाच_एक_शंका

नॉर्टन आता टीव्हीएसची आहे ना? मग सुटे भाग होसूरहून मागवता येतील का?

सोळाइंची

२०२० मध्ये टीव्हीएसने नॉर्टन विकत घेतली हे बरोबर. पण त्यांचा कारखाना नव्या गाड्या करतो. मॅन्क्सचे भाग हा वेगळाच संसार आहे. हक्क आणि सामान १९६६ मध्ये कॉलिन सीलीकडे गेलं, १९६९ मध्ये जॉन टिकलकडे. आज मोल्नार प्रिसिजन आणि समरफिल्ड यांच्यासारखे लोक क्रँककेसपासून कॅमबॉक्सपर्यंत नवं बनवतात. संपूर्ण नवी गाडीही मिळते.

यातूनच पुढचा प्रश्न येतो: बघायला ठेवलेल्या ‘१९६१ च्या’ गाडीत १९६१ चं नेमकं काय आहे? विक्रेत्याला सरळ विचारा. केस, हेड, सिलिंडर, कॅमबॉक्स, गिअरबॉक्स, फ्रेम, फोर्क, हब, टाकी, प्रत्येकाचं उत्तर लिहून घ्या. प्रामाणिक विक्रेत्याला या प्रश्नाचा राग येत नाही.

दोन_स्ट्रोक_एक_जीव

मग नवीच का घेऊ नये? शर्यतीत पळवायची तर नवं क्रँक, नवा रॉड, नवे केस घातलेलं इंजिन कितीतरी भरवशाचं. जुनं इंजिन मिनिटाला ७,००० फेऱ्यांवर नेताना पोटात गोळा येतो. नव्या भागांचं इंजिन त्याच्या वर निर्धास्त फिरतं.

बेव्हलवाला

पळवण्यासाठी नवी घ्या, पूर्ण सहमत. पण हा धागा संग्रहासाठी विक्रीला आलेल्या जुन्या गाडीचा आहे. मला त्यात मधला रस्ता आवडतो. नंबर असलेलं मूळ केस तडकलेलं असेल तर नवं केस घालून गाडी चालवा, जुनं तेल लावून, गुंडाळून, गाडीसोबत ठेवा आणि पुढच्या मालकाला द्या. नव्या केसवर जुना नंबर मात्र ठोकू नका.

मुंबईची_खारी_हवा

+१. आणि भारतात इंजिन-चॅसी नंबरशी छेडछाड हा गुन्हा आहे, तेव्हा इथे तर विचारही नको.

फेदरबेडप्रेमी

फ्रेमबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. मॅन्क्सची फ्रेम रेनॉल्ड्स ५३१ नळीची, ब्राँझने झाळलेली. नॉर्टनच्या रस्त्यावरच्या डॉमिनेटरला दिसायला जवळपास तशीच फ्रेम होती, पण साध्या पोलादाची आणि जड. रस्त्यावरच्या फ्रेमवरचे स्टँडचे कान कापून, घासून तिची ‘मॅन्क्स’ करतात. तेव्हा खालच्या नळ्यांवर बोट फिरवा. रंगाखाली घासल्याची सपाटी, उंचवटा किंवा नव्या झाळणीचा डाग लागतो का? लागला तर विचारा. १९६० नंतरच्या रस्त्यावरच्या फ्रेम टाकीखाली अरुंद आहेत, त्या मॅन्क्स म्हणून खपायच्या नाहीत. रुंद फ्रेममध्येच फसगत होते.

तडे डोक्याच्या नळीखालच्या जोडांवर आणि मागच्या स्विंगआर्मच्या पिव्होटभोवती शोधा. शर्यतीत पडलेल्या गाडीची फ्रेम थोडी पिळवटलेली असू शकते. पुढच्या-मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लांब सरळ पट्ट्या लावून चाकं एका रेषेत आहेत का ते पाहायला पाच मिनिटं लागतात. टायरच्या रुंदीतला फरक हिशेबात धरायला विसरू नका.

फिकट हिरव्या रंगाची मॅन्क्स दिसली तर लगेच ‘फ्रान्सिस बेअर्टची!’ म्हणून हुरळून जाऊ नका. बेअर्टच्या गाड्या त्या रंगाच्या होत्या, पण रंगाचा डबा कुणालाही मिळतो. तयारी बेअर्टची होती याला शर्यतीची पत्रकं, जुने फोटो, हिशेबाच्या पावत्या असा पुरावा लागतो. फोटोत टाकीवरचे पोचे, पट्ट्यांची जागा, हबचा प्रकार जुळवून बघा.

सुलूमावशी

प्रत्यक्ष चालू करून दाखवली तर काय ऐकायचं?

लेथमास्तर_कोल्हापूर

मावशी, सर्वांत आधी, तुम्ही पोचण्यापूर्वी इंजिन गरम केलेलं नसावं. थंड इंजिन बघायचं असं फोनवरच सांगा.

हिला किक नाही. धक्का मारूनच चालू होते. गिअरमध्ये टाकून मागे ओढत कॉम्प्रेशनवर आणायची, क्लच दाबायचा, चार पावलं पळायचं, सीटवर आडवं बसत क्लच सोडायचा. लक्षात ठेवा, गिअर उजव्या पायाला, पहिला वर आणि बाकीचे खाली.

त्याआधी क्रँककेसखालचा नट उघडून आत साठलेलं तेल काढून टाकायचं. हिची तेलाची टाकी वेगळी असते आणि गाडी उभी राहिली की तेल पंपाच्या गिअरमधून झिरपत खाली उतरतं. तसंच चालू केलं तर धुराचा डोंगर आणि तेलात घुसळणारा क्रँक. काही गाड्यांवर तेलाच्या नळीला तोटी बसवलेली असते. ती उघडायची राहिली तर काही मिनिटांत इंजिन गेलं. तोटी असेल तर ती मॅग्नेटोच्या कट-आउटशी जोडलेली हवी, म्हणजे तोटी बंद असताना ठिणगीच पडणार नाही.

चालू झाल्यावर स्थिर आयडलिंगची वाट पाहू नका. अमाल जीपी कार्ब्युरेटरला आयडलची व्यवस्थाच नाही, मूठ सतत हलती ठेवावी लागते. सुरुवातीला नरम प्लग, तेलाची टाकी हाताला कोमट लागली की कडक रेसिंग प्लग. हा बदल न करता मालक थेट रेस देत असेल तर त्याने गाडी कशी वापरली असेल याचा अंदाज येतो.

आवाज: बेव्हलची बारीक शीळ असतेच. पण ती इंजिन गरम होत जाईल तशी चढत, कर्कश होत गेली तर बेव्हल फार घट्ट बसवलेत. उलट खडखड आली तर सैल. हे अंतर शिमने, म्हणजे पातळ चकत्यांनी, जुळवतात. उभ्या दांड्याच्या दोन्ही टोकांना ओल्डहॅम कपलिंग (जिभा-खाचांचे सरकते जोड) असतात, त्यांच्या जिभा झिजल्या की व्हॉल्व्हचं टायमिंग डगमगतं. खालून जड, बोथट ठोका आला तर बिग एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग. मग क्रँक उघडायचाच, आणि परत बांधताना दोन्ही दांड्यांवर डायल लावून फिरवला तर फरक ०.०२५ मिमीच्या आत आला पाहिजे.

तेल गळतं म्हणून घाबरू नका. व्हॉल्व्हच्या हेअरपिन स्प्रिंग उघड्याच असतात, थोडं तेल उडणारच. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मात्र सोडियम भरलेला असू शकतो. तो कापायचा नाही, दांडा फार घासायचा नाही, भंगारात टाकायचा नाही. आतलं सोडियम पाण्याला लागलं की फुटतं.

टपरीवरचा_चहा

वाचनखूण साठवली आहे. मास्तर, एक पुरवणी प्रश्न. पाने आपले नेहमीचे मेट्रिक चालतील ना?

लेथमास्तर_कोल्हापूर

मुळीच नाही. व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे पाने घ्या. त्यांच्यावरचा आकडा बोल्टच्या आट्याच्या व्यासाचा असतो, नटाच्या तोंडाचा नाही, म्हणून आकडा बघून मेट्रिक पान्याशी जुळवता येत नाही. आटेही बहुतेक ठिकाणी ब्रिटिश सायकल, इंचाला २६. मेट्रिक बोल्ट दोन आटे गोडीत घेतो आणि तिसऱ्याला मॅग्नेशियम फाडतो. बूश आणि व्हॉल्व्ह गाइड आपल्या उद्यमनगरात कुणीही चांगला कारागीर करून देईल, ब्राँझ योग्य द्या एवढंच. केसचं ओतकाम मात्र इथे करायच्या फंदात पडू नका, ते तिकडूनच आणा.

उगाच_एक_शंका

भारतात आणली तर २०२१ च्या व्हिंटेज नियमाखाली नंबर मिळेल? तो ‘व्हीए’वाला?

मुंबईची_खारी_हवा

तो नियम ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी आहे. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, आणि वापर प्रदर्शन, रॅली अशा कामांपुरता. मॅन्क्सला मुळात दिवा नाही, हॉर्न नाही, सायलेन्सरच्या जागी उघडा मेगाफोन. ते सगळं लावून तिला रस्त्याची करायची म्हणजे मूळ स्वरूप गेलं. ही गाडी ट्रॅकवर किंवा दालनातच शोभते. आयातीसाठी डीजीएफटीची (परकीय व्यापार महासंचालनालयाची) त्या दिवशी लागू असलेली अधिसूचना आणि कस्टमचा दर कस्टम एजंटाकडून लेखी घ्या, मगच बोली लावा.

सोळाइंची

मूळ प्रश्नावर परत येतो. बेव्हलवाला, तुमचा क्रम मला आता मान्य आहे, एका दुरुस्तीसह. घरबसल्या नंबर, प्रत्यक्षात क्रँककेस. नोंदींची चौकशी पत्राने होते, तिला प्रवासखर्च नाही. ती आधी करा. उत्तर विक्रेत्याच्या म्हणण्याशी जुळलं, मग ते नंबर एकमेकांशी न जुळणारे का असेनात, तर गाडी बघायला जा, आणि तिथे तुमचा आणि मास्तरांचा क्रम.

बेव्हलवाला

मान्य. पत्रकातले दोन्ही नंबर मी व्यक्तिगत निरोपाने पाठवतो, जाणाऱ्यांपैकी कुणीतरी आजच क्लबला लिहा. विक्रेत्याकडे दोन गोष्टी मागा. प्रायमरी चेनचं कव्हर काढून बेअरिंगच्या घराचा स्वच्छ उजेडातला फोटो, आणि इंजिन शेवटचं कुणी, कधी उघडलं त्याची पावती. पावती नसेल तर संपूर्ण इंजिन उघडायचा खर्च किमतीतून वजा धरूनच बोला.

फेदरबेडप्रेमी

आणि स्टँडच्या कानांच्या जागेचा फोटो, खालून, दोन्ही बाजूंचा. फोटो काढताना रंग ओला करू नका म्हणावं, ओल्या रंगात उंचवटे दिसत नाहीत.